फ्रेममधली घाण

केडगाव, १२ जानेवारी २०२५

चि. उझ्मा हिला अब्बाची दुआ.

फोनवर मला ब्लॉक केलंस, ठीक आहे. पत्राला ब्लॉक करता येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. फार तर फाडशील, आणि तू फाडलेलं मला इथे केडगावात बसून दिसणार नाही, तेवढीच माझी सोय. पत्ता सुमैराखालाने दिला. त्यासाठी मुकुंदनगरला तीनदा तिच्याकडे चहाला गेलो. शेवटी तुझ्या अम्मीचीच बहीण ती, पोटातलं ओठावर यायला वेळ लागणारच.

मराठीत लिहितोय म्हणून हसू नको. उर्दू तुला वाचता येत नाही आणि मला लिहिता येत नाही. घरात बोलतो ती दखनी कागदावर कशी उतरवायची ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. मराठी मात्र माझं पक्कं आहे. स्टुडिओ टाकण्याआधी चार वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शेठ लोक पुन्हा रंगवून घ्यायचे.

तू लडाखमध्ये हानले नावाच्या गावात टुरिस्ट लोकांना तारे दाखवतेस, असं खाला म्हणाली. तिथे पारा उणे वीसच्या खाली जातो म्हणे. आपल्याकडे यंदा आठवर आला तर चौकाचौकात शेकोट्या पेटल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचे फोटो आले. कान झाकत जा. तुझे कान लहानपणापासून नाजूक आहेत.

आता मुद्द्यावर येतो. तू का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे, तरी माझी बाजू एकदा लिहून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तू चांदबिबी महालाचा फोटो काढलास. खाली महाल, वर आख्खी आकाशगंगा. (ती सलाबतखानाची कबर आहे, चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही, हे तू मला शंभरदा सांगितलंस. पण नगरमध्ये एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही.) तुझा लॅपटॉप दुरुस्तीला होता म्हणून कार्ड स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि स्पर्धेला पाठवायचं काम मी अंगावर घेतलं. चाळीस वर्षांच्या सवयीने मी फोटो जरा नीट केला. चौथऱ्याच्या पायरीवर एक काळा ठिपका होता, तो काढला. नीट झालेली फाईल ठेवली, मूळची जड फाईल उडवली आणि लग्नांचा सीझन होता म्हणून कार्डही फॉरमॅट केलं. लग्नाच्या कामात आपण असंच करतो. नवरीचा मूळ फोटो मागायला कोण येतं?

तुझा फोटो शेवटच्या फेरीत गेला आणि त्यांनी मूळ फाईल मागितली. ती नव्हती. फोटोत फेरफार केला म्हणून त्यांनी तुझं नाव पाच वर्षांसाठी बाद केलं आणि वेबसाईटवर लावलं. हे एक झालं. दुसरं म्हणजे, तो काळा ठिपका तुझी अम्मी होती. तू तिला तिथे बसवलं होतंस. आणि हे सगळं उघड झालं तेव्हा अम्मीला जाऊन दीड महिना झाला होता.

तू एवढंच विचारलंस, "तुम्हाला अम्मी ओळखू आली नाही?" तेव्हा जे सांगितलं तेच आज लिहितो. नाही आली. रात्रीचा फोटो, एवढासा डाग. अल्लाकसम, मला तो दगड वाटला.

एवढं मान्य कर आणि एक फोन कर. भांडण्यासाठी केलास तरी चालेल.

अब्बा


केडगाव, २७ जानेवारी २०२५

चि. उझ्मा,

तुझं उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो, असं मी शेजाऱ्यांना सांगतो.

एक बातमी आहे. मी आता लग्नं घेणं बंद केलंय आणि तुझ्यासारखे फोटो काढायला शिकतोय. देवळं, किल्ले, डोंगर. बासष्टाव्या वर्षी घोडं गंगेत न्हायला निघालंय म्हण. बरोबर गोरक्षनाथ असतो. तीस वर्षं तो लग्नांत माझ्यामागे हॅलोजन धरून उभा राहिला, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. आता त्याच्याकडे छोटा हत्ती टेम्पो आहे. त्यातून एरवी तो दूध वाहतो आणि रविवारी मला वाहतो.

काल पेडगावला गेलो होतो. भीमेच्या काठचा बहादूरगड. गड म्हणजे चढायला काही नाही, सपाट जमिनीवर तटबंदी, आत बाभळी, आणि मध्येच एखादं असं देऊळ की बघत बसावं. लक्ष्मीनारायणाच्या देवळावर वीतभरही जागा कोरी नाही. तू सांगायचीस तसा तिरप्या उन्हाची वाट बघत बसलो. ट्रायपॉड नवा आहे, त्याचा एक पाय खाली बसतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण तो खरंच बसतो.

ऊन बरोबर आलं आणि त्याच वेळी एक म्हातारी शेरडं घेऊन आली आणि देवळाच्या जोत्यावर टेकली. मी गोरक्षनाथला म्हणालो, "जरा घाण निघू दे फ्रेममधली, मग घेतो."

म्हातारीचे कान तुझ्यापेक्षा तिखट.

"घान कुनाला म्हनतोस रं?"

"तुम्हाला नाही, मावशी. आमच्या धंद्यातलं बोलणं आहे ते."

"धंद्यातलं? आन् मी काय हितं आज आले व्हय? शेरडं राखून जलम गेला माजा ह्या देवळाम्होरं. तू आलास आत्ता. घान कोन ते त्या देवालाच इचार की."

गोरक्षनाथ हसायला लागला. "आज्जे, त्येंचं मनावर घिऊ नगा. मला बी तसंच म्हनायचे. हातातला लाईट फोटूत आला की म्हनायचे, घान आली."

"आन् तू ऐकून घ्यायचास?"

"तीस वर्सं."

"तू बी तसलाच," म्हातारी म्हणाली आणि पदर नीट करून ताठ बसली. "काढ आता. मी काय हलत न्हाई. माजा घरात एक बी फोटू न्हाई. मेल्यावर भित्तीला काय लावत्याल, शेरडू?"

रंगुबाई तिचं नाव. तिच्यासकट फोटो काढला. घरी येऊन मोठा करून पाहिला, तर ते देऊळ पहिल्यांदाच देवळाएवढं दिसलं. तू म्हणायचीस, "माणूस असला की दगडाचं माप कळतं, अब्बा." मी म्हणायचो, माप घ्यायला टेप असते.

घाण हा शब्द माझ्या उस्तादाचा. फ्रेममध्ये जे नको ते सगळं घाण. वायर घाण, विजेचा खांब घाण, जेवणाच्या पंगतीत मागून डोकावणारा मामा घाण. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही घाण काढायचो आणि नगरभर लोक म्हणायचे, अजीजभाईंचं काम साफ असतं. त्या शब्दात मला वाईट काही वाटत नव्हतं.

मग कालपासून मला झोप का नाही? तू स्टुडिओत उभी होतीस, स्क्रीनवर रिकामी पायरी होती आणि तू विचारत होतीस, "इथली अम्मी कुठंय?" मी मागे न वळता म्हणालो होतो, "खाली थोडी घाण होती, ती काढली." मी ते म्हणालो हे मी आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. रंगुबाई ओरडली तेव्हा ते मला ऐकू आलं.

तो शब्द घेऊन तू गेलीस. मला वाईट वाटतं, उझ्मा. फार वाईट वाटतं.

अब्बा


केडगाव, ११ फेब्रुवारी २०२५

चि. उझ्मा,

आज एक चोरी सांगतो. ती करून झाली आणि पुसूनही टाकली.

तुला डोळे उघडायचं काम आठवतं? तू शाळेतून आलीस की मला ते करताना बघायचीस आणि घाबरून आत पळायचीस. खेड्यांतून लोक यायचे. म्हातारा गेलेला, जिवंतपणीचा फोटो एकही नाही, असलाच तर मयतावर काढलेला, नाकात कापूस. मी कापूस काढायचो, डोळे उघडायचो, अंगात कोट घालायचो, मागे निळं आभाळ द्यायचो. पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्याला मी असे दोन टपोरे डोळे दिले, आणि फोटो न्यायला आलेली सून म्हणाली, "आमचं मामंजी एका डोळ्यानं आंधळं हुतं." मी म्हणालो, पुन्हा करून देतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आता तरी दिसंल त्येंला." माझे असे उघडलेले डोळे जिल्ह्यातल्या किती भिंतींवर असतील, मोजदाद नाही.

तर मी विचार केला, परक्यांचे डोळे उघडले, घरचं माणूस का नाही? रिकामी पायरी माझ्याकडे आहेच. तिच्यावर अम्मीला परत बसवायचं. तुला पाठवायचं आणि म्हणायचं, मूळ फाईल सापडली.

हो, खोटं बोलणार होतो. आणि ते तुला कळलं नसतं. माझं काम तुला माहीत आहे.

त्यासाठी अम्मीचा एक फोटो हवा होता. सगळ्या हार्डडिस्क आणि जुन्या निगेटिव्हच्या पेट्या धुंडाळल्या. चाळीस वर्षांची लग्नं आहेत त्यांच्यात, हजारो बायका आहेत, त्यांच्या बांगड्यांचे वेगळे फोटो आहेत. अम्मी नाही. आमच्या निकाहचा एक आहे, त्यात तिचा चेहरा ओढणीत. ईदच्या ग्रुपमध्ये एका कडेला तिचा खांदा आहे. आणि आधारकार्ड, त्यात कुणीतरी तिच्यावर ओरडल्यासारखी बघते आहे. बस. ती कधी म्हणायची, एखादा माझाही काढा. मी म्हणायचो, काढू सावकाशीने, आधी गिऱ्हाईक.

मग आधारकार्डावरचा चेहरा घेतला, कुठल्याशा लग्नातल्या मावशीचं बसलेलं अंग घेतलं, त्यावर ओढणी चढवली. चार दिवस लागले. ताऱ्यांच्या उजेडात जेवढं दिसावं तेवढंच दाखवलं. इतकं साफ काम मी आयुष्यात केलेलं नाही.

गोरक्षनाथला बोलावून दाखवलं. तो स्क्रीनजवळ वाकला.

"वैनीच हायेत," तो म्हणाला. "पन मांडी घालून कशा बसल्यात? त्येंचं गुडघं तर वाकत न्हवतं. जेवायला बी खुर्ची लागायची."

"अरे हो," मी म्हणालो, "तिने पाय खाली सोडले होते."

गोरक्षनाथने माझ्याकडे पाहिलं. दगडाला पाय कुठून आले, असं त्याने विचारलं नाही. घरी जाऊन दूध काढायचंय म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर मी ती फाईल डिलीट केली. रिसायकल बिनमधूनही काढली.

हे तुला का लिहितोय ते मला नीट कळत नाही. तू हुशार आहेस, तुला कळेल.

अब्बा


केडगाव, २ मार्च २०२५

चि. उझ्मा,

आज पहिला रोजा. सहरीला एकटाच होतो. खजूर आणि कालची भाकरी. रोजा असताना खोटं लिहिता येत नाही, म्हणून आजच बसलोय.

काल पहाटे महालावर गेलो होतो. अमावास्येनंतरची काळी रात्र, तू सांगायचीस तशी. साडेतीनला गोरक्षनाथने गाडी काढली, पाथर्डी रस्त्याने वर. वारा असा होता की छोटा हत्ती वळणावर हलायचा. बाहेरच्या उताराला ट्रायपॉड लावला, त्याच्या खाली बसणाऱ्या पायाखाली दगड ठेवला, आणि मी पायरीवर जाऊन बसलो. मला बघायचं होतं, तिथे बसून काय होतं ते.

"अजीजभाय, लाईट?" गोरक्षनाथने अंधारातून विचारलं.

"लाईट नाही लागत. बटण दाब फक्त."

"मग मी धरू काय?"

तीस वर्षांचा हात, तो रिकामा राहिना. त्याने शेवटी माझी टोपी धरली.

पंचवीस सेकंद. तुम्ही लोक किती सहज म्हणता, पंचवीस सेकंद. तेवढा वेळ शटर उघडं, जराही हलायचं नाही. खालून थंड दगड, मानेवर वारा, नाकाला खाज. एकवीसपर्यंत मोजलं आणि मान वळवून वर पाहिलं, आकाशगंगा खरंच आली का म्हणून. फोटोत काय आलो माहीत आहे? दोन डोक्यांचा, पुसट. गोरक्षनाथ म्हणाला, "तुमी तर भूत दिसताय." आणि मी त्या थंड पायरीवर बसून रडलो, उझ्मा. गोरक्षनाथ टोपी धरून उभा होता. कारण तुझी अम्मी पुसट नव्हती. दुखऱ्या गुडघ्यांची बाई पहाटे चार वाजता तिथे पंचवीस सेकंद जराही हलली नव्हती. आणि हे मला कसं माहीत?

मला ती ओळखू आली होती.

लगेच आली होती. घाण काढण्याआधी मी फोटो दोनशे टक्के मोठा करतो, कडा नीट याव्यात म्हणून. मोठा केला आणि ती समोर. तेहतीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, ती मला कळणार नाही? जानेवारीत मी तुला खोटी कसम खाऊन लिहिलं. त्याचं उत्तर मला वर द्यायचंच आहे, पण आधी तुला देतो.

राग आला होता. तिने मला सांगितलं होतं की तुम्ही दोघी सुमैराच्या घरी राहायला चाललात. मला फसवून रात्री डोंगरावर गेली, असं वाटलं. हा फोटो पेपरात आला तर लोक म्हणतील अजीजची बायको रात्रीबेरात्री कुठे बसते. हे झालं वरवरचं. आत वेगळंच होतं. तेहतीस वर्षांत मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं, चल माझ्याबरोबर, कॅमेरा घेऊन जाऊ कुठेतरी. ती तुझ्याबरोबर गेली, आणि खूश होती. ते मला सोसलं नाही.

आणि ती काय, घरातच होती. फोटोतून गेली म्हणून काय बिघडलं, असं वाटलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी फोटोतलाच शेजारचा दगड माऊसने उचलला आणि तिच्यावर फिरवला. आधी पाय, मग ओढणी, मग चेहरा. चार मिनिटांचं काम.

ते संपत होतं तेव्हा ती चहा घेऊन आली.

उझ्मा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिने कप ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. महाल पाहिला, वर तारे पाहिले, मग पायरीकडे पाहिलं, बरोबर त्याच जागी. तिथे बराच वेळ पाहिलं. मी तिच्याकडे बघत नव्हतो, काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं. ती विचारू शकत नव्हती, कारण ती तर सुमैराकडे होती. मी बोलू शकत नव्हतो, कारण मला तर काहीच माहीत नव्हतं. "अच्छा आया फोटू," ती म्हणाली, आणि सकाळचा रिकामा कप उचलून आत गेली.

तिला कळलं होतं. पुढचे सात महिने ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, आणि तुलाही तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ती फाईल तेव्हाच शोधली असतीस. माझी अब्रू झाकून ती गेली. तुला वाटतं मी तिला ओळखलं नाही म्हणून मी गुन्हेगार. तेवढंच असतं तर बरं होतं.

आता जे करायचं होतं ते केलं. स्पर्धावाल्यांना रजिस्टर पत्र पाठवलं आहे की फेरफार उझ्माने केलेला नाही, तिला न सांगता मी केला, माझी सही आणि स्टुडिओचा शिक्का. ते काय करतील ते करोत. इथल्या फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवरही लिहिलं. वर्षभर मी त्यांना सांगत होतो की परीक्षक जळले. सकाळपासून ग्रुपवर एकाने फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं आहे.

फोन कर, असं आता म्हणत नाही. म्हणायचा हक्क उरलेला नाही. वाचलंस तर वाच.

अब्बा


केडगाव, २६ मार्च २०२५

चि. उझ्मा,

काल इफ्तारला खजूर तोंडात घातला आणि तुझा मेसेज वाजला. चौदा महिन्यांनी. सलाम नाही, अब्बा नाही. "ती कशी बसली होती?" एवढंच.

फोन लावायला हात गेला होता. पण बोलायला लागलो की मी सफाई करतो, हे तुलाही माहीत आहे. लिहिताना कमी होते. म्हणून लिहून पाठवतोय. रात्रभर विचार केला की तू हे का विचारतेस. तिथे तर तूच होतीस. मग कळलं. तू कॅमेऱ्यामागे होतीस, अंधारात, तुला ती एक काळा आकार म्हणून दिसत असणार. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर तू तारे तपासले असशील. फाईल मोठी करून बघायला तुझ्यापर्यंत पोचलीच नाही. ती फक्त मी मोठी करून पाहिली. ते बघितलेला जगात मी एकटाच आहे.

तर ऐक. काही घालत नाही, काही काढत नाही.

ती तिसऱ्या पायरीवर बसली होती, डाव्या कडेला. पाय खाली सोडलेले, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, एक उलटी पडलेली. अंगावर तुझं जुनं कॉलेजचं जॅकेट होतं, बाह्या तिला लांब होत होत्या आणि तिने त्या मुठीत धरल्या होत्या. वर ओढणी, तिचं एक टोक वाऱ्याने उडून पुसट झालं होतं. फोटोत पुसट तेवढं एकच टोक. बाकी ती दगडावर कोरल्यासारखी स्पष्ट होती.

चेहरा दिसत होता. तू ज्या उजेडाला शिव्या द्यायचीस, नगर शहराचा तो पिवळा उजेड, आकाश खराब करतो म्हणून, तो तुझ्या पाठीमागून येत होता आणि सरळ तिच्या तोंडावर पडला होता. ओठ मिटलेले होते, पण हसू येऊन दाबल्यावर गाल वर चढतात, तसे चढलेले होते. तिला बहुतेक हसायचं होतं आणि तू हलू नको म्हटलं होतंस.

आख्खी आकाशगंगा तिच्या डोक्यावर होती. एवढ्यासाठी लोक लडाखला तुझ्याकडे येतात. तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्यासारखा तिचा चेहरा पुसला गेला असता. पंचवीस सेकंद ती तुझ्याकडे बघत होती, उझ्मा. कॅमेऱ्याकडे नाही. कॅमेरा खाली होता, तिची नजर त्याच्या वर होती, जिथे तुझा चेहरा असणार तिथे.

मी ते पाहिलं. आणि मग पुसलं.

अब्बा